केरोबाने पेनड्राइव्हचा वेग मोजला

एका गावात केरोबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. इतका भोळा, की दारावर 'ढकला' असं लिहिलेलं असलं तर आत गेल्यावरही तो दार ढकलतच राहायचा. यमुनाकाकूंच्या मसाल्याच्या कारखान्यात तो कामाला होता. मनाने सोन्यासारखा. सांगितलेलं काम कधी टाळलं नाही, हीच काय ती पंचाईत.

काकूंच्या सासूबाई मसाल्यात उस्ताद. वजनकाटा त्यांना ठाऊक नव्हता, सगळं मुठीच्या आणि चिमटीच्या मापाने. जायच्या आधी त्यांनी तेवीस मसाले करून दाखवले होते आणि काकूंनी ते सगळं चित्रित करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं होतं. पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, कधी बंद पडेल नेम नव्हता. शिवाय पलीकडच्या गल्लीतल्या जाऊबाई, शालन, त्या मसाल्यांवर डोळा ठेवून होत्या. म्हणून काकूंनी तालुक्याहून कुलूपवाला पेनड्राइव्ह आणला. त्याच्यावर आकड्यांची बटणं होती. बरोबर आकडा दाबला तरच उघडणार.

"केरोबा, हा किती वेगाने भरतो ते आधी बघू. घड्याळ घेऊन बस आणि सांग."

केरोबा बसला. समोर टेबलावर पेनड्राइव्ह, हातात घड्याळ. संध्याकाळी काकू आल्या.

"किती वेळ लागला रे?"

"पाच तास झाले काकू, अजून थेंबभरही भरला नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, आधी मशीनमध्ये घालायचं, मग पुढचं काम!"

"असं होय!" केरोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला धने भाजून कुटायला सांगितले. केरोबाने धने आधी कांडपाच्या मशीनमध्ये घातले. पूड झाली, ती कढईत टाकून भाजली. गल्लीभर धूर झाला, समोरचे गुरुजी खोकत खोकत घराबाहेर आले.

"मेल्या, आधी भाजायचं, मग मशीनमध्ये घालायचं!"

"असं होय!"

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "आता तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लाव." थोड्या वेळाने आत येऊन बघतात तर चुलीवर तवा, तव्यावर पेनड्राइव्ह.

"थोडं तेल सोडू का, काकू?"

काकूंनी उलथन्याने पेनड्राइव्ह उचलला. नशीब, तवा अजून तापला नव्हता. "आचेजवळ नेऊ नका असं दुकानदाराने बजावलं होतं ना? यापुढे दुकानदार म्हणेल ते मुकाट्याने ऐकायचं!"

"असं होय!"

चौथ्या दिवशी केरोबा बाजारात मिरची आणायला गेला. दुकानदार म्हणाला, "आमची मिरची डोळे मिटून घ्या!" केरोबाने डोळे मिटले. पोतं भरून, बांधून, पाठीवर येईपर्यंत उघडले नाहीत. घरी पोतं सोडलं तर अर्धी देठं आणि उरलेली बुरशी.

काकूंना रडावं की हसावं कळेना. "दुकानदार म्हणतो म्हणून खरं मानायचं? स्वतः करून बघायचं रे बाबा!"

"असं होय!"

पाचव्या दिवशी काकूंनी कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलं. पेनड्राइव्ह स्वतः लावला, आकडा स्वतः दाबला. केरोबाने फक्त घड्याळ धरलं. सासूबाईंचे तेवीसही मसाले पेनड्राइव्हमध्ये उतरले. काकूंनी तो काढून हातात घेतला आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरने मान टाकली. कायमची.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचलं रे सगळं! आता शालन आली तरी तिला काही मिळायचं नाही. दुकानदार म्हणतो, दहा वेळा चुकीचा आकडा दाबला की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं." पेनड्राइव्ह केरोबाच्या हाती देऊन त्या पेढे आणायला गेल्या.

केरोबा विचारात पडला. दुकानदार म्हणतो. दुकानदार म्हणतो म्हणून खरं मानायचं?

काकू पेढे घेऊन आल्या. एक पेढा केरोबाच्या हातावर ठेवला. "बोल आता, वेग कसा आहे?"

"भरायला चाळीस मिनिटं, काकू. पुसायला एक सेकंदसुद्धा नाही." केरोबाने पेढा तोंडात टाकला. "दुकानदार खरंच बोलत होता. आता शालनवहिनी खुशाल येऊ देत!"