पाचवी किल्ली

“बुवा, मठात पहार आहे का हो? दार फोडायचंय!”

भानुबुवा अंगण झाडत होते. हातातला खराटा थांबला.

“कोणाचं?”

“माझंच!”

त्र्यंबकराव अनवाणी धावत आले होते. रोज सकाळी याच ओसरीवर बसून खुद्द बुवांच्या प्रवचनातले दाखले दुरुस्त करणारा हा शिष्य. आज पाचावर धारण बसली होती.

दूध गॅसवर ठेवून ते पेपर उचलायला उंबऱ्याबाहेर आले. वाऱ्याने दार आपटलं आणि आपोआप लागणारं कुलूप लागलं. आत उमाबाई एकट्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांना अंथरुणावरून उठता येत नाही. दूध उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस सुटतच राहणार...

बुवांनी पहार उचलली. दोघे झपाझप निघाले.

“जादा किल्ली नाही?”

“पाच केल्या होत्या. एक दिवाळीत हरवली.”

“आणि चार?”

“कपाटात... देव्हाऱ्यामागे... तांदळाच्या डब्यात. एक खुंटीला.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

“बाहेर एकही नाही?”

“कोणाच्या भरवशावर ठेवायची, बुवा?”

दोघे घराशी पोचले.

बंद खिडकीच्या फटींतून गॅसचा वास येत होता. आतून उमाबाई खोकल्या. मग खोकलाही थांबला.

“उमा! अगं, उमा!”

उत्तर नाही.  त्र्यंबकरावांनी पहार उगारली. दाराला चोरांच्या भीतीने त्यांनीच लोखंडी पत्रा ठोकून घेतला होता.

बुवांनी मनगट धरलं.

“ठिणगी उडेल.”

पहार हवेतच राहिली.

“मग... मग काय करू?”

बुवांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. “हाक मार.”

ते गोदूताईंचं दार. चार वर्षांपूर्वी तांब्याची घागर नाहीशी झाली, तेव्हा त्र्यंबकरावांनी भर गल्लीत या बाईला चोर म्हटलं होतं. घागर आठवड्यातच स्वतःच्या माळ्यावर सापडली. ते मात्र त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं.

“तिला? ती काय करणार?”

“हाक मार.”

“गोदूताई...” आवाज चिरकला. “गोदूताई, धावा हो!”

दार लगेच उघडलं. गोदूताईंना वास आला, आणि पुढचं विचारायची गरज उरली नाही. कमरेच्या जुडग्यातून त्यांनी एक किल्ली काढली, कुलूप उघडलं, पदर नाकाला लावून आत शिरल्या. गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या.

उमाबाईंनी डोळे उघडले. त्र्यंबकराव पलंगाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग त्यांची नजर किल्लीवर गेली.

“ही तुमच्याकडे कशी?”

“दिवाळीत फराळ द्यायला वहिनींच्या पलंगाजवळच्या खिडकीशी आले होते. त्यांनीच उशाखालची किल्ली काढून गजांतून दिली. म्हणाल्या, घरात एकटीला मला भीती वाटते.”

त्र्यंबकराव उमाबाईंकडे बघत राहिले. उमाबाईंनी मान फिरवली. घागरीची गोष्ट त्र्यंबकरावांच्या ओठांवर आली... आणि गिळली गेली.

त्यांनी हात पुढे केला.

“बरं झालं सापडली. द्या इकडे.”

गोदूताईंनी किल्ली मुकाट्याने त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

मठाची पहार दाराशी पडली होती. ती द्यायला त्र्यंबकराव वाकले.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “वारा उद्याही सुटेल.”