आठ पायांचं टेबल

हे टेबल मोडलेलं नाही, पाहुणेहो. येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, आणि एका सद्गृहस्थानं तर खिशातून गोंद काढला होता. मधली ही बोटभर फट मुद्दाम पाडलेली आहे.

सव्वातीनशे वर्षांपूर्वी बर्नच्या डोंगरांतल्या या आमच्या खोऱ्यात मोठी हट्टी माणसं राहत, असं सांगतात. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यायचा, हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही. एवढ्यासाठी शिपाई त्यांच्या मागावर असत. त्यांचा पुढारी यॉस्ट तीन वर्षं तुरुंगात राहिला, पण सरकारनिष्ठेची शपथ काही त्यानं घेतली नाही. त्याच्यासारख्या कडक वाटेनं गेलेल्यांनाच पुढे लोक आमिश म्हणू लागले. धर्म मोडणाऱ्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, हा त्याचा नियम.

उरबान सुतारानं मात्र तुरुंगात शपथ घेतली होती. घरी बायको शेवटच्या घटका मोजत होती, दुसरं काय करणार? "शपथेचा पश्चात्ताप आहे, घरी आल्याचा नाही," असं तो सरळ म्हणाला. त्यामुळे बहिष्कार उठला नाही आणि चार वर्षं तो चुलीपाशी एकटा जेवला.

मग त्याच्या लेकीचं, वेरेनाचं, लग्न ठरलं. आई नाही, निदान बाप तरी पंगतीला हवा, एवढंच तिचं मागणं. पण लग्न लावू शकणारा खोऱ्यात एकटा यॉस्ट, आणि तो हटेना.

"एका टेबलावर नको, एवढंच ना?" तिनं विचारलं.

"हो, एवढंच," यॉस्ट म्हणाला.

खाण तशी माती. सुताराचीच लेक ती. लग्नाच्या सकाळी तिनं बापानंच बनवलेलं लांब टेबल करवतीनं मधोमध कापलं, कापल्या बाजूंना चार नवे पाय ठोकले आणि दोन्हींवर मिळून एकच पांढरी चादर अंथरली. फटीच्या पलीकडे उरबानला बसवलं. वऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळालं. यॉस्ट आला तो थेट गुडघ्यांवर बसला, चादर उचलून त्यानं पाय मोजले, आठ भरले. शपथ न घेणाऱ्याला दिलेला शब्द फिरवता येत नाही, कारण त्याच्यापाशी शब्दाखेरीज दुसरं काहीच नसतं. तो उठला तेव्हा त्याची दाढी हलत होती. तुरुंगातून आल्यापासून त्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं, म्हणे.

"दोन आहेत," तो म्हणाला, आणि उरबानच्या अगदी समोर, फटीला लागून बसला. त्या दिवशी पाव तीनदा भाजावे लागले.

आजही इथे लग्न असलं की टेबलं दोन आणि चादर एक. खोऱ्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस कमरेवर हात ठेवून वाकतं. गेली सहा वर्षं ते काम माझ्याकडे आहे. मी सावकाश पाय मोजतो आणि मोठ्यानं सांगतो, "दोन आहेत." मग नवरी आपल्या बापाला जेवायला वाढते.