अहूच्या दारावरचे मासे

आफ्रिकेतल्या बाउले लोकांच्या एका हिरव्यागार गावात अमेनान नावाची गुणी मुलगी राहायची. तिची आई आजारी असे. त्यांच्या झोपडीला दार नव्हतं, नुसती फाटकी चटई होती. शेळ्या खुशाल आत शिरायच्या आणि मायलेकींचं जेवण फस्त करायच्या.

शेजारच्या अहूच्या घराला मात्र नवंकोरं लाकडी दार बसलं. तिच्या बाबांनीच ते कोरलं होतं. वर इवलेइवले पक्षी, मध्ये चमचमत्या खवल्यांचे मासे आणि खाली लांबलचक मगर! सारं गाव बघायला लोटलं.

"हात लावून बघ ना!" अहू म्हणाली.

"मला नाही बघायचं!" अमेनान फणकारली आणि रानात पळाली. तिच्या मनात नुसतं जळत होतं.

रानात कोळ्याच्या जाळ्यात सोनेरी पंखांची चिमुकली परी अडकली होती. अमेनानने रडतरडतच एकेक धागा अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण जपून हं! ओठांवरचं मिळेल, तसं मनातलंही खरं होईल."

"मला कोरीव दार हवं!" अमेनान म्हणाली. मनात मात्र आलं, अहूकडे तसं दार नकोच!

घरी येऊन पाहते, तर चटईच्या जागी दार! तेच पक्षी, तेच मासे, तीच मगर. अमेनान आनंदाने नाचली. तेवढ्यात शेजारून हुंदके ऐकू आले. अहूच्या दाराची कोरी फळी झाली होती.

"बाबा, माझे मासे कुठे गेले?"

बाबा फळीवरून नुसता हात फिरवत होते.

अमेनान धावत रानात गेली. "परी, अहूचे मासे तिला दे."

"मग तुझं दार जाईल, बाळ."

अमेनान म्हणाली, "जाऊ दे."

"मनातही हेच आहे?"

"मनात अजून थोडं जळतंय गं. पण तिचं तिला दे."

परी खुदकन हसली. "किती खरं बोललीस!" तिचे पंख लखलखले, झाडंझुडपं सोनेरी झाली आणि त्या उजेडात परी विरून गेली.

अमेनान परतली. अहूच्या दारावर मासे पुन्हा चमकत होते. आणि तिच्या स्वतःच्या झोपडीला नवं दार होतं, त्यावर पिसारा फुलवलेला, कुणीच कधी न पाहिलेला पक्षी!

अहू ओठ काढून उभी होती. "तुझं माझ्यापेक्षा छान आहे," ती पुटपुटली.

अमेनानला तो सूर चांगलाच ओळखीचा होता. तिने अहूचा हात धरला.

"चल," ती म्हणाली, "पहिल्यांदा तूच उघड."