साळुंकीची सजलेली ढोली

फार पूर्वी, माणसांनाही घरं बांधता येत नव्हती तेव्हाची गोष्ट. एका आंब्यावर साळुंकी आणि कबुतरी शेजारी राहत. साळुंकीची ढोली पिसाफुलांनी खच्चून भरलेली होती, तर कबुतरीच्या घरट्यात फक्त काड्या.

"चार काड्यांत कसला गं तुझा संसार?" साळुंकी तिला चिडवायची.

एका सकाळी साळुंकीला अंडं घालायचं होतं, पण ढोलीत बसायलाच जागा नव्हती. ती रडवेली झाली. कबुतरी धावून आली. दोघींनी भराभर पसारा बाहेर काढला, तर तळाशी निळंशार मोरपीस निघालं.

"अगंबाई, हे माझ्याकडे होतं?" साळुंकी हरखली.

"तेवढं राहू दे," कबुतरी हसली. "आणि ती मऊ पिसं मला दे. नुसत्या काड्या पिल्लांना टोचतील गं."