चुलीवरची जुडी

"...मग जगाची भूक मिटणार तरी कशी, बुवा?"

सोमगिरी बुवा हसले. "आधी आपल्या दोघांची मिटव. चूल आत आहे. मी झऱ्यावरून पाणी आणतो."

शार्दूलला हे उत्तर रुचलं नाही. अन्नधान्याचा अभ्यास करून तो सहा वर्षांनी परदेशातून परतला होता आणि सकाळपासून डोंगर चढून या मठीत आला होता, तो एकाच गोष्टीसाठी. बुवांकडे नाचणीचं एक जुनं वाण होतं, अर्ध्या पावसातही पिकणारं. ते बी हाती आलं तर कोरड्या मुलखातली कितीतरी पोटं भरतील, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पण आत्ता त्याच्याच पोटात कावळे कोकलत होते.

पिठाचा डबा रिकामा होता. चुलीच्या वर मात्र धुरानं काळवंडलेली कणसांची एक जुडी टांगलेली होती. त्यानं ती सोडली, मळली, पाखडली, जात्यावर दळली. तळहाताला फोड आले, पण भाकरी झाल्या. तीन, वेड्यावाकड्या.

बुवांनी कांदा फोडला. दोघं एकेक भाकरी घेऊन बसले.

"गोड झालीय रे. पहिल्यांदाच थापलीस?"

"हो." शार्दूल खुलला. "बुवा, आता ते बी दाखवा ना."

बुवांनी चुलीवरच्या मोकळ्या दोरीकडे हनुवटीनं खूण केली.

शार्दूलनं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

"ते... ते बियाणं होतं?"

"किडू नये म्हणून धुरात ठेवतात. पुस्तकात नव्हतं?"

"शेवटचं?"

"माझ्याकडचं शेवटचं."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"पाणी घेऊन आलो तेव्हा तुझं दळून झालं होतं. पिठाला काय कोंब फुटतात?"

शार्दूलचे डोळे भरून आले. "जगाला द्यायला निघालो होतो, बुवा. आणि मीच खाऊन टाकलं."

"लेका, असलं वाण मी एका दोरीच्या भरवशावर ठेवीन होय? खालच्या वाडीत साळूबाई आहे. माझं उंदरांनी खाल्लं तेव्हा तिनं दिलं. तिचं भिजलं तेव्हा मी दिलं. सूपभर न्यायचं, सुगीला दोन सुपं पोचती करायची. वाडीत घरोघर तसंच चालतं."

"पण पेरू कुठं? मला जमीन नाही."

"मठीमागचा उतार पडूनच आहे."

शार्दूलला हसूच आलं. हाताची आग होत होती, तरी कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"आत्ताच जातो!" तो ताडकन उठला.

"बस."

बुवांनी तिसरी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

"खा आधी. साळूबाई उपाशी माणसाच्या हातात बी देत नाही."