स्ट्रॉबेरीचा पाहुणा

झाडं बोलायची आणि किडेही त्यांना उत्तर द्यायचे, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरउतारावर एका वाफ्यात स्ट्रॉबेरी राहायची आणि शेजारच्या बांधावर करवंदी.

“अंगभर काटे, पानात चीक,” स्ट्रॉबेरी नाक मुरडायची. “तुझ्याकडे कुणी पाहुणा तरी येतो का गं? मी कडूपणा सोडला, म्हणून माळ्याने मला कुंपणाच्या आत घेतलं.”

एकदा पानांतला रस शोषणारा मावा किडा आला. “बाई, तुमच्याइतकं गोड पान साऱ्या डोंगरावर नाही,” तो म्हणाला. स्ट्रॉबेरी हरखली आणि तिने त्याला पानाखाली जागा दिली. बघता बघता त्याचं सगळं गणगोत आलं आणि तिची पानं आकसली.

“माळी औषध मारेल, मग कळेल,” ती म्हणाली. माळ्याने मारलं. मावा तोंड पुसत म्हणाला, “आमच्या पोरांना आम्ही हे बाळघुटीसारखं चाटवतो.”

शेवटी माव्याला हाकलायला स्ट्रॉबेरीने करवंदीकडे थोडा चीक मागितला.

“विरजण उसनं मिळतं, बाई,” करवंदी म्हणाली. “चीक अंगातच असावा लागतो.”

पुढच्या हंगामात माळ्याने ते वाळकं रोप उपटलं आणि तिथं नवी स्ट्रॉबेरी लावली, पहिलीपेक्षा गोड. तिने बांधाकडे पाहून नाक मुरडलं. “तुझ्याकडे कुणी पाहुणा येतो का गं?”

करवंदीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माव्याने मात्र ओ दिली.