सालीचं तळं

बसा इथेच, या कातळावर. पाणी स्वच्छ आहे, खाली उतरून हात-तोंड धुतलंत तरी चालेल. फक्त तो गळ पिशवीतच राहू द्या. टाकून उपयोग नाही. या तळ्यात मासा नाही.

बेडूक आहेत, खेकडे आहेत, कमळाचे कांदे आहेत. मासा नाही. येताना वाटेत दोन डबकी लागली असतील, याच्या निम्मीही नाहीत, पण त्यांत हातभर मरळ सापडते. इथे मात्र खंड्यासुद्धा फांदीवर बसत नाही. दोनदा माणसांनी खालून डब्यांत बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, आणून सोडली. पहिली आठ दिवसांत पोटं वर करून काठाला लागली. दुसऱ्या वेळची मेलेलीही दिसली नाहीत.

आम्ही याला सालीचं तळं म्हणतो. साल म्हणजे वर्ष नव्हे. झाडाला असते ती साल. पाण्याला कसली साल, असं शहरातली माणसं विचारतात. जुन्या लोकांकडे त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता. सातपुड्यात थंडी कडक पडते, पौषात गवतावरचं दंव पांढरं होतं, पण अख्खं तळं गोठून बंद झालं ते एकदाच. माझ्या आजाला त्याच्या आजीने सांगितलं, आजाने मला. मी ऐकलं तसं सांगतो.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, असं सांगतात. दिवाळीलाच घरातली मोर आणि भादी, आमची डोंगरातली धान्यं, संपली. मग धडधाकट पुरुष घाट उतरून खाली खानदेशात गेले. एकोणीस जण होते म्हणे. होळीच्या आत धान्य घेऊन येतो, असं सांगून गेले. जाताना धनुष्यं, बरच्या, बरी कुऱ्हाड, सगळं घेऊन गेले. मागे अकरा घरं राहिली, आणि त्यांत म्हातारी, बायका, पोरं. रानातले कंद उकरून आणि तळ्यातली मरळ टोपलीने धरून ती दिवस काढत होती.

त्यांतल्या एका घरात बोंदर नावाचा म्हातारा होता. एकेकाळी बरचीने मासे मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता तोच हात थरथरायचा. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सांडायचा. मुलगा वेस्ता खाली गेलेला. घरात सून रेहली आणि चार वर्षांची नात ठुमली. बोंदरची जुनी तीन पात्यांची बरची तेवढी गावात उरली होती, कारण ती त्याने कोणाला दिली नव्हती.

पौषातल्या एका सकाळी बायका पाण्याला आल्या. एकीने सवयीने मडकं पाण्यावर आपटलं आणि ते फुटलं. पाणी दगडासारखं वाजलं होतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरट, गुळगुळीत साल आली होती. बायका ओरडत पाड्याकडे पळाल्या. डेडल्या पुजारा आला, गुडघ्यावर बसून त्याने हात लावला, हात चटकन मागे घेतला. मग म्हणाला, "याहाने दार लावलंय." याहा म्हणजे आमची आई, देवी. "जिने लावलं तीच उघडेल. कोणी घाव घालायचा नाही."

सगळे थांबले. दिवसा ऊन पडायचं, पण त्या उन्हात धग नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत पाड्यातली दोन म्हातारी माणसं गेली. पुरायला खड्डा खणायची ताकद कोणात नव्हती, म्हणून त्यांच्यावर नुसते दगड रचले.

त्या दुपारी बोंदरने सुनेला जवळ बोलावलं.

"पोरी, मरळ पाण्यात राहते, पण श्वास आपल्यासारखा वरचा घेते. दर थोड्या वेळाने तोंड बाहेर काढावंच लागतं तिला. तीन दिवस झाले. खाली ती गुदमरत असणार."

"मग, बा?"

"मग एक भोक पाड. धरायला धावावं लागणार नाही. आपण होऊन येईल."

रेहली म्हणाली, "पुजारा नाही म्हणालाय. आणि मी बाईमाणूस, बरचीला कधी हात लावला नाही."

"माझा हात बघ," म्हातारा म्हणाला, आणि त्याने तो तिच्यापुढे धरला.

त्याने आधी तिला घरात शिकवलं. काठाशी सुटलेला सालीचा एक तुकडा चुलीवर वितळवला, पाणी मडक्यात ओतलं, तळाशी एक खडा टाकला. बांबूची काटकी हातात देऊन म्हणाला, टोच. तिने टोचलं, काटकी खड्याच्या पलीकडे गेली. पुन्हा टोचलं, पुन्हा पलीकडे. "दिसतो तिथे तो नसतो," बोंदर म्हणाला. "पाणी खोटं दाखवतं. मासा दिसेल त्याच्या पोटाखाली धर." ठुमली बाजूला पडून बघत होती. दहाव्या-बाराव्या खेपेला खडा लागला तेव्हा ती हसली म्हणे. ते तिचं शेवटचं हसणं, असं आमच्याकडे सांगतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर रेहली तळ्यावर उतरली. बोंदर काठावर बसला. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने लांब बांबू आडवा धरला होता, म्हणजे साल फुटलीच तर बांबूला लटकता येईल. कड्याच्या सावलीत साल जाड होती. जुन्या बोथट कुऱ्हाडीने पहिला घाव घातला, नुसता पांढरा ओरखडा उठला. पाच-पन्नास घावांनंतर पाणी वर आलं. तिने सुपाएवढं भोक मोकळं केलं आणि आत बघितलं, तर काहीच दिसेना. वरच्या चमकेने डोळे दिपले होते.

"घोंगडी घे डोक्यावरून," काठावरून म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "पूर्ण झाक. भोकासकट."

ती पोटावर झोपली आणि घोंगडी ओढली. आत मिट्ट काळोख झाला, आणि त्या काळोखात खालचं पाणी उजळलं. सालीतून झिरपलेल्या उजेडात हिरवं, तळापर्यंत स्वच्छ. कमळाच्या मुळ्या, एक फुटकी घागर, सगळं दिसायला लागलं. बरचीची पाती तिने आधीच पाण्यात सोडून ठेवली, म्हणजे मारताना खळबळ नको. दांड्याची दोरी मनगटाला बांधली. हलली नाही.

पहिली मरळ आली ती सरळ वर, तिच्या तोंडासमोर. जबडा उघडून तिने हवा घेतली. एवढ्या जवळून मासा श्वास घेताना रेहलीने कधी पाहिला नव्हता. तिचा हात उठला नाही. मरळ खाली गेली. दुसरी चुकली. तिसरीच्या पोटाखाली तिने बरची दाबली आणि दांडा हातात थरथरला.

संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. तिने घरोघर एकेक नेऊन दिली. डेडल्या पुजाऱ्याच्या दारात ती भीतभीत उभी राहिली. त्याने मासा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि घेतला. त्याच्याही घरी नातवंडं होती.

दुसऱ्या दिवशी तो तळ्यावर आला आणि म्हणाला, "रोज घरटी एक, जास्त नाही. आणि थोरलीला हात लावायचा नाही." थोरली म्हणजे या तळ्यातली सगळ्यात मोठी मरळ. डोक्यावर पांढरा डाग होता, आणि अंडी भरली की तिचं पोट बाहेरून दिसायचं. ती आहे तोवर तळं पुन्हा भरेल, हे लहान पोरालाही माहीत होतं.

रोज सकाळी भोक पुन्हा बंद झालेलं असायचं, रोज रेहली ते फोडायची. थंडी हटेना. तळ्यावर दुसरीकडे कुठेच श्वासाला जागा नव्हती, म्हणून तळ्यातली एकूण एक मरळ त्याच भोकाशी यायची. अकरा, अकरा, मग नऊ, मग सहा. मग ताटकळूनही दोनच. नंतर एक दिवस असा आला की घोंगडीखाली पडून दुपार कलली तरी फक्त थोरली आली. आली, श्वास घेतला आणि तिथेच थांबली. मागे दुसरं कोणी नव्हतं. तळ्यात ती एकटीच उरली होती.

रेहली रिकाम्या हाताने घरी निघाली. डेडल्याने वाटेत विचारलं, "काय आलं?"

"आज काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. थोरलीच तेवढी उरलीय, हे त्याला कळलं असावं.

दुसरा दिवसही तसाच गेला. बोंदरने आपला वाटा केव्हाच नातीला द्यायला सुरुवात केली होती, आता द्यायलाही काही नव्हतं. ठुमलीची मान धरावी लागत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी डेडल्या त्यांच्या घरी आला. पोरीजवळ बसला. तिच्या कपाळावर हात ठेवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उठून गेला.

बोंदर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मारणार असलीस तर कचरू नकोस. अर्धवट लागली तर ती खाली जाऊन मरेल. तिचाही जीव वाया, आणि आपल्या हातात काही नाही."

रेहली कचरली नाही, असं सांगतात. थोरलीने तिला ओढत नेलं, मनगटाची दोरी मांसात रुतली, भोकाच्या कडेने कोपर फाटलं, पण बरची सुटली नाही. तिने अकरा वाटे केले. ठुमलीच्या तोंडाला रस्सा लावला. पोरीने एक घोट घेतला. दुसरा ओठांवरून खाली आला. चुलीवरचं भांडं गरम असतानाच ती गेली.

आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. तळ्यातून मोठमोठे आवाज येऊ लागले, लाकूड तडकावं तसे. दुपारपर्यंत सालीचे तुकडे झाले, संध्याकाळी पाणी पूर्वीसारखं हलत होतं. पोरं टोपल्या घेऊन पाण्यात उतरली. दोन दिवस शोधलं. त्यांना काही मिळालं नाही.

बोंदर त्याच आठवड्यात गेला. होळीला एकोणिसांपैकी सात जण परतले. वेस्ता त्यांत होता. खांद्यावर बाजरीची गाठोडी होती, पायाला चिंध्या बांधल्या होत्या. घरात त्याने आधी मुलीला हाक मारली. रेहलीने सांगितलं. तो दाराशीच खाली बसला आणि विचारलं, "तळ्यात मासा नव्हता का गं?"

"होता," ती म्हणाली.

पाड्यात अठरा माणसं जगली होती. ती त्या माशांवरच जगली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेहलीला कोणी एका शब्दानेही बोललं नाही. तेच तिला सहन झालं नाही, असं माझा आजा म्हणायचा. ती डेडल्याकडे गेली. म्हणाली, "पुजारा, माझ्यावर दंड लाव. उपास सांग, गावाबाहेर राहायला सांग. काहीतरी सांग."

डेडल्या म्हणाला, "मीही खाल्ली. तुझ्या सासऱ्याने खाल्ली. अकरा चुली पेटल्या त्या दिवशी. तुला एकटीला कोणता दंड लावू?"

"मग मी काय करू?"

"मला माहीत नाही, बाई," पुजारा म्हणाला.

पुढच्या पौषात ती तळ्याच्या काठी आली, पाण्यावर ओणवी झाली, आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. हातात काही नव्हतं. दिवसभर बघत राहिली. पाऊस झाला होता, पाणी भरलं होतं, गवत होतं, सगळं होतं, मासा तेवढा नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी डेडल्याची म्हातारी तिच्या शेजारी येऊन बसली. मग आणखी एका घरातून कोणी आलं. पाचेक वर्षांत अकराही घरांची माणसं बसायला लागली. रेहलीला पुढे मूल झालं नाही. म्हातारपणी तिला ओणवं होता येईना तेव्हा वेस्ता तिला धरून बसायचा. ती गेली तरी बसणं थांबलं नाही.

आजही पौषाच्या अवसेला दुपारी घरटी एक माणूस इथे येतं. आता घरं चाळीस आहेत, सगळा काठ भरतो. घोंगडी घ्यायची, पाण्यावर वाकायचं, बघायचं. बरची नाही, नवस नाही, गाणं-ढोल काही नाही. मी एकसष्ट वेळा बसलोय. तळ दिसतो, मुळ्या दिसतात.

पूर्वी परतलेल्या माणसाला घरचे विचारायचे, दिसलं का? मी लहान होतो तेव्हा आमच्या शेजारच्या जातरीची सासू आजारी होती, आठ-दहा दिवसांची सोबती. तिने बिछान्यातून विचारलं, आणि जातरी बोलून गेली, "दिसलं. डोक्यावर पांढरा डाग होता." म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलली बिचारी. पण ते दारातल्या कोणी ऐकलं आणि क्षणात अख्खा पाडा पळत इथे आला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. माझा आजा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि रडत होता. अंधार पडेपर्यंत बघितलं सगळ्यांनी. मग एकेक जण घरी गेला. जातरीला कोणी बोललं नाही, पण ती त्यानंतर बसायला कधी आली नाही.

तेव्हापासून कोणी विचारत नाही. माणूस घोंगडी झटकतो, खुंटीला लावतो. भाकर झालेली असते. बसायचं आणि जेवायचं.